हर्शीच्या गोठ्यावरून स्वतःच्या कारखान्यापर्यंत: शेंगदाणा-चॉकलेटवाले हॅरी रीस

हॅरी रीस म्हणजे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याचं पोरगं, जन्म १८७९ चा. १९१७ मध्ये ते चॉकलेटसम्राट मिल्टन हर्शी यांच्या दुधाच्या फार्मवर कामाला लागले. घरात लेकरं वाढत गेली, एकूण सोळा! पगारात भागेना, म्हणून रीस घराच्या तळघरात गोळ्या-चॉकलेटं बनवू लागले. १९२३ ला स्वतःची कंपनी काढली. १९२८ मध्ये चॉकलेटच्या छोट्या वाटीत पीनट बटर, म्हणजे शेंगदाणे वाटून केलेलं लोणी, भरलं. वरचं चॉकलेट मात्र हर्शीकडूनच विकत घेतलेलं.

दुसऱ्या महायुद्धात साखर मिळेना. रीस यांनी बाकी सगळा माल बंद केला अन् कमी साखर लागणारी ही वाटीच तेवढी ठेवली. तीच चालली. १९५६ मध्ये ते वारले. धंदा सहा मुलांकडे आला अन् १९६३ मध्ये हर्शी कंपनीतच विलीन झाला.