महाधमनीचा अभ्यासक

डॉ. प्रफुल्लकुमार सेन म्हटले की फेब्रुवारी १९६८ आठवतो. परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण जेमतेम तीन तास जगला. १९१५ साली जन्मलेल्या आणि १९८२ साली निवर्तलेल्या या शल्यविशारदाच्या नावावर तेवढीच नोंद राहिली, याची खंत वाटते.

वाकोल्यात सकाळी पाणी भरणाऱ्यांना ठाऊक आहे : नवी रबरी नळी पाण्याच्या जोराने किंचित फुगते, जुनी झाली की ताठ होते. महाधमनीचेही तसेच. हृदयाच्या ठोक्यासरशी ती ताणली जाते आणि दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात आकसून रक्त पुढे ढकलते. ही किमया भिंतीतल्या लवचीक तंतूंची.

सेन यांच्यापुढे तरुण रुग्ण येत. कुणाच्या हाताला नाडीच लागत नसे, कुणाचा रक्तदाब कोवळ्या वयात चढलेला असे. महाधमनीच्या भिंतीला सूज येऊन लवचीक तंतू नष्ट होत, त्यांच्या जागी कडक वण उरत. भिंत जाड होऊन रक्ताची वाट अरुंद होई. क्वचित ती दुबळी पडून फुगे. आणि जितकी फुगे तितका, त्याच दाबाखाली, तिच्यावरचा ताण वाढे.

या रोगावर सेन आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली शोधनिबंध लिहिला, १९७३ साली १०१ रुग्णांच्या अभ्यासाचा ग्रंथ सिद्ध केला. त्या तीन तासांची बातमी झाली. या एकशे एक जणांसाठी वेचलेल्या वर्षांची झाली नाही. नाडी न लागणाऱ्या पुढच्या रुग्णाच्या उपयोगी मात्र तीच वर्षे पडली.