सावकार नाईकांचा वाडा आणि त्यातले पुराणिक मोरोपंत

आपल्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी काहीतरी जुन्या वास्तूवर लिहा, असा कमिटीचा आग्रह होता. पंचवीस वर्षांत आपल्याकडे फ्लॅट किती हातांतून गेले हे शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला बघितले की कळते. तेव्हा पावणेतीनशे वर्षांच्या आसपासच्या वाड्याचे काय होत असेल? बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे, त्याची ही हकिकत. वाडा नाईकांचा असला तरी चरित्र सांगायचे आहे ते मोरोपंतांचे. मात्र नाईकांना वगळून पंतांकडे जाता येत नाही.

नाईक हे आडनाव जोशी, धंदा सावकारीचा. पेशव्यांशी सोयरिकही होती. बाळाजी विश्वनाथांची मुलगी, म्हणजे पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई, बाबूजींचे बंधू आबाजी यांना दिलेली. बाजीरावांनी मोहिमा केल्या त्या मोठ्या प्रमाणात कर्ज काढून, आणि सावकारांत बाबूजी नाईक एक प्रमुख. मी अडतीस वर्षे बँकेत काढली, त्यामुळे मला या भागाची गंमत वाटते. कर्जदार पराक्रमी, राज्य वाढते आहे, तारण म्हणजे शब्द आणि नाते. अशी केस मंजूर करताना हात थरथरतो आणि वसूल करताना त्याहून जास्त.

२८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव रावेरखेडीला वारले. बाबूजींनी पैशाचा तगादा लावला आणि त्याचबरोबर पेशवेपदावरच हक्क सांगितला. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा त्यांना पाठिंबा होता. पण शाहू महाराजांनी २५ जून १७४० ला वस्त्रे दिली ती बाजीरावांचे चिरंजीव नानासाहेबांना. नाईकांचे देणे फेडायला महादोबा पुरंदरे उभे राहिले, म्हणजे पैसे सुटले पण पद गेले. पुढे कर्नाटकातल्या वसुलीचे काम नाईकांनी अंगावर घेतले. तिथे विरोध एवढा आणि फौजेचा खर्च एवढा, की पदरात नुकसानच आले. सावकाराने वसुलीचा मक्ता घेऊन वर फौज पोसायची, यात हिशेब जुळत नाही, असे माझे मत.

इंदापूरकडच्या मंडळींनी रागावू नये. त्यांच्याकडे मालोजीराजांची गढी आहे, आणि राजे इंदापूरच्याच लढाईत पडले. ती हकिकत मोठी आहे, ती तिकडच्या कुणीतरी लिहावी.

तर, पेशवेपद हुकलेल्या या नाईकांच्या पदरी पन्हाळ्याहून रामाजीपंत पराडकर नोकरीला आले. घराणे मूळ कोकणातले, राजापूरजवळच्या सौंदळचे. त्यांचा मुलगा मोरेश्वर १७२९ साली पन्हाळ्याला जन्मला. केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या गुरूंकडे त्याने काव्य, व्याकरण, अलंकार असा कसून अभ्यास केला. वडिलांच्या मागोमाग तोही बारामतीला आला, वय तेव्हा विशीतच. नाईकांनी त्याला घरी पुराण सांगायला ठेवले. आणि मग पंतांनी बारामती सोडली नाही. जवळजवळ चाळीस वर्षे! उतारवयात काशीयात्रा केली, पण परत इथेच.

पुराणिकाचे काम म्हणजे रोज संस्कृत ग्रंथ उघडायचा, वाचायचा, आणि समोर बसलेल्या बायामाणसांना मराठीत उलगडून सांगायचा. माझ्या मते पंतांची कविता याच रोजच्या कामातून आली. सगळे महाभारत त्यांनी आर्या वृत्तात आणले. रामायण तर एकदा लिहून भागले नाही, एकशेआठ तऱ्हांनी लिहिले असे मानतात. त्यातले निरोष्ठ रामायण मला फार आवडते. ओठ ओठाला लागेल असे अक्षर वापरायचे नाही, म्हणजे प, फ, ब, भ, म बाद. आता रामायण लिहायचे आणि ‘राम’ हा शब्द वापरायचा नाही! घरी नातवंडांना दोन वाक्ये अशी बोलायला सांगून बघा.

विद्वत्ता फार, शब्द अवघड, असा आक्षेप त्यांच्यावर शाळेपासून आपण ऐकलेला आहे आणि तो अगदीच खोटा नाही. पण केकावली वाचली की वेगळे वाटते. केका म्हणजे मोराचा टाहो. मोरो म्हणजे मयूर, म्हणून हे नाव. शेवटी शेवटी देवाला केलेली ती आर्जवे आहेत, पृथ्वी वृत्तातली, सुमारे सव्वाशे श्लोक. तिथे माणूस सगळे पांडित्य बाजूला ठेवून भांडतो, रुसतो, विनवतो.

सोलापूरचे रामजोशी लावणी गाणारे, तमाशाच्या फडातले. पंतांशी गाठ पडल्यावर ते कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या कीर्तनातून गावोगाव नेल्या, अशी परंपरा सांगते. छापखाने नव्हते तेव्हा आर्या पसरल्या त्या अशा कीर्तनकारांच्या तोंडून.

१७९४ च्या चैत्रात मोरोपंत बारामतीलाच वारले. चोवीस वर्षांनी पेशवाई बुडाली. ज्या पदासाठी नाईकांनी एवढा खटाटोप केला, ते पदच उरले नाही.

वाडा मात्र उरला. मालक बदलले. सरकार आले, आणि त्याबरोबर कचेरी, कोर्ट, पोलीस. जिथे पुराण ऐकायला माणसे येत, तिथे पुढे सात-बाराची कामे घेऊन आणि तारखांना माणसे येऊ लागली. एक गोष्ट मान्य केली पाहिजे, सरकारी कामात राहिला म्हणूनच तो पाडला गेला नसावा. खाजगी मालकीत किती वाटण्या झाल्या असत्या, आणि तिथे आज काय उभे असते, हे सोसायटीतल्या मंडळींना सांगायला नको. अलीकडे त्याच्या जतनाचे काम झाले आहे. मोठा दरवाजा, भक्कम तटबंदी, बुरूज, सगळे नीट बघण्यासारखे आहे.

गावात पत्ता विचारताना अजूनही नाईकांचा वाडा म्हणूनच विचारतात. सिद्धेश्वराचे देऊळ जवळच आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी जावे, ऊन चढायच्या आत. मुलांना बरोबर न्यावे आणि वाड्यात उभे राहून निरोष्ठ बोलण्याची पैज लावावी.