विश्लेषण : रॉकेट गेले तरी चालेल, लाँच पॅड वाचले पाहिजे! ‘नासा’चे कर्ट डेबस कोण होते?

टेक्सासच्या किनाऱ्यावरून २० एप्रिल २०२३ रोजी स्पेसएक्सचे स्टारशिप पहिल्यांदा पूर्ण रूपात उडाले आणि चार मिनिटांत नष्ट झाले. चाचणी उड्डाणात असे होऊ शकते, हे सगळ्यांनीच गृहीत धरले होते. खरी चर्चा झाली ती जमिनीची. इंजिनांच्या झोताने लाँच पॅडखालचे काँक्रीट फोडले, मोठा खड्डा पडला आणि काँक्रीटचे तुकडे दूरवर फेकले गेले. तिथे ज्वाळा वाहून नेणारा चर नव्हता, पाण्याने थंड राहणारी पोलादी प्लेटही अजून बसवलेली नव्हती. ती बसवल्यावरच नोव्हेंबरात दुसरे उड्डाण झाले. सहा दशकांपूर्वी फ्लोरिडात हाच प्रश्न ज्यांच्यासमोर होता, ते कर्ट डेबस हे केनेडी अंतराळ केंद्राचे पहिले संचालक.

डेबस मूळचे कुठले?

जन्म २९ नोव्हेंबर १९०८, जर्मनीतील फ्रँकफर्ट. शिक्षण डार्मस्टाटच्या तंत्र विद्यापीठात, विषय विद्युत अभियांत्रिकी. गालावर विद्यार्थीदशेतील तलवारबाजीचा व्रण होता, तो शेवटपर्यंत राहिला. दुसऱ्या महायुद्धात ते बाल्टिक किनाऱ्यावरील पेनेम्युंडे येथे वेर्नर फॉन ब्राउन यांच्या गटात आले आणि व्ही-२ रॉकेटच्या चाचणी तळाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. रॉकेट बनवणारे बरेच होते. ते उभे करणे, इंधन भरणे, पेटवणे आणि फसले तर पुढे काय करायचे हे ठरवणे, हे काम डेबस यांचे.

हा भाग इथेच संपवून चालणार नाही. डेबस नाझी पक्षाच्या ‘एसए’ आणि पुढे ‘एसएस’ या संघटनांचे सदस्य होते. राजवटीविरुद्ध बोलणाऱ्या एका सहकाऱ्याची तक्रार त्यांनी गेस्टापोकडे केली होती, अशी नोंद आहे. व्ही-२ ची निर्मिती छळछावणीतील कैद्यांना राबवून झाली आणि त्यात हजारो कैदी मेले. युद्धानंतर अमेरिकेने या तंत्रज्ञांना आपल्याकडे नेले, तेव्हा त्यांच्या पूर्वेतिहासाकडे सोयीने काणाडोळा करण्यात आला. डेबस त्यांपैकीच एक.

‘चार इंचांचे उड्डाण’ काय होते?

१९५० च्या दशकात डेबस केप कॅनाव्हरालला लष्कराच्या रेडस्टोन क्षेपणास्त्रांच्या चाचण्या घेत होते. पॅडवरची फजिती किती महाग पडते, हे तिथे रोज दिसत होते. ६ डिसेंबर १९५७ रोजी नौदलाचे व्हॅनगार्ड रॉकेट जेमतेम मीटरभर उचलले गेले, परत खाली बसले आणि त्याचा स्फोट झाला. साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहिले. दोन महिन्यांच्या आत, ३१ जानेवारी १९५८ रोजी डेबस यांच्या गटाने अमेरिकेचा पहिला उपग्रह ‘एक्सप्लोरर-१’ अवकाशात धाडला.

पण नामुष्की त्यांच्याही वाट्याला आली. २१ नोव्हेंबर १९६० रोजी मर्क्युरी-रेडस्टोनचे पहिले, मानवरहित उड्डाण होते. इंजिन पेटले, रॉकेट सुमारे १० सेंटिमीटर उचलले गेले, इंजिन बंद पडले आणि रॉकेट पुन्हा आपल्या बैठकीवर येऊन बसले. कुपीवरचे आपत्कालीन सुटकेचे छोटे रॉकेट मात्र एकटेच उडून गेले. मग कुपीतून पॅराशूट बाहेर पडले आणि बाजूला लोंबू लागले.

आता पॅडवर काय उभे होते? अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजनने भरलेले रॉकेट, त्यात सज्ज असलेली स्फोटके, आणि वाऱ्याने पॅराशूट फुगले तर सगळे आडवे होण्याची भीती. जमिनीशी जोडणाऱ्या तारा सुटलेल्या, त्यामुळे नियंत्रण कक्षातून काही करता येत नव्हते. रायफलने टाकीला भोके पाडून इंधन काढावे, असाही एक प्रस्ताव आला. तो बाजूला ठेवला गेला. ठरले ते एवढेच की कोणी जवळ जायचे नाही. रात्रभर थांबायचे, ऑक्सिजन उडून जाऊ द्यायचा, बॅटऱ्या उतरू द्यायच्या. दुसऱ्या दिवशी माणसे गेली. पॅड शाबूत होते, रॉकेटलाही फारशी इजा नव्हती.

कारण निघाले क्षुल्लक. रॉकेट उचलले जाताना खालचे दोन प्लग ठरलेल्या क्रमाने सुटायला हवे होते, ते क्षणाच्या अंशाने उलट्या क्रमाने सुटले. त्यामुळे इंजिनाला ‘बंद हो’ असा चुकीचा संदेश मिळाला. पुढच्या रॉकेटला अर्थिंगची एक जादा पट्टी जोडली गेली. सहा महिन्यांनी, ५ मे १९६१ रोजी, रेडस्टोननेच अॅलन शेपर्ड अंतराळात गेले.

एका रॉकेटसाठी दोन पॅड कशाला?

रॉकेट कारखान्यातून दुसरे आणता येते. पॅड आणता येत नाही. सप्टेंबर १९५९ मध्ये अ‍ॅटलस-एबल रॉकेटचा जमिनीवरील चाचणीतच स्फोट झाला आणि पॅड उद्ध्वस्त झाले. सॅटर्न तर त्याहून कितीतरी मोठे. त्याच्यासाठी पॅड ३४ बांधले जात असतानाच, एका स्फोटात सगळा कार्यक्रम बसू नये म्हणून, दुसरे सॅटर्न पॅड म्हणजे ३७ क्रमांकाचे हाती घेण्यात आले. खर्चिक वाटणारी ही सावधगिरी किती रास्त होती, ते मार्च १९६५ मध्ये दिसले. अ‍ॅटलस-सेंटॉर रॉकेट उडताच पॅडवर कोसळले. त्या पॅडची जबर हानी झाली, पण शेजारी दुसरे जवळजवळ तयार होते आणि ऑगस्टमध्ये पुढचे उड्डाण तिथून झाले.

चंद्रावर जाणाऱ्या १११ मीटर उंच सॅटर्न-५ साठी मात्र पद्धतच बदलली. रॉकेट पॅडवर महिनोन्महिने जोडत बसायचे नाही. ते दूरच्या इमारतीत उभे जोडायचे आणि प्रचंड सुरवंटगाडीवरून सावकाश पॅडवर न्यायचे. इमारत आणि पॅड यांच्यात सुमारे साडेपाच किलोमीटर, दोन पॅडमध्ये अडीच किलोमीटरहून जास्त अंतर. एक गेले तरी दुसरे आणि इमारत वाचावी, हा हिशेब. श्रीहरिकोटाच्या दुसऱ्या लाँच पॅडवरही रॉकेट इमारतीत जोडून मगच पॅडवर आणतात.

आता झोताचे काय करायचे? चर खणावा, तर फ्लोरिडाच्या त्या दलदलीत थोडे खणले की पाणी लागते. म्हणून चर खणलाच नाही, जमिनीवर टेकडी रचून तिच्या पोटात तो ठेवला. १३७ मीटर लांब, १८ मीटर रुंद, सुमारे १३ मीटर खोल, भिंतींना अग्निरोधक विटा. इंजिनांच्या बरोबर खाली रुळांवरून सरकवत आणलेली, उलट्या ‘व्ही’च्या आकाराची सुमारे ५९० टनांची पोलादी पाचर. झोत तिच्यावर आदळून दोन्ही बाजूंना फाकतो. तिच्यावर ज्वालामुखीची राख मिसळलेल्या खास काँक्रीटचा थर असे. एका उड्डाणात त्यातला दोनेक सेंटिमीटर झिजणार, हे आधीच धरलेले होते. वरून पाण्याचा मारा वेगळाच.

बिघडलेले रॉकेट लगेच बंद का करायचे नाही?

इंजिने पेटल्यावरही सॅटर्न-५ ला चार पोलादी हात सुमारे नऊ सेकंद धरून ठेवत. पाचही इंजिनांचा जोर पुरेसा आहे याची खात्री पटली तरच ते सुटायचे, नाहीतर सगळे तिथेच बंद. एकदा सुटल्यावर मात्र नियम उलटा होई. पहिली ३० सेकंदे आपत्कालीन यंत्रणेला इंजिने आपोआप बंद करण्याची मुभा नव्हती. कारण साधे आहे : इंजिन बंद झालेले भरलेले रॉकेट पडणार कुठे, तर पॅडवर. ते लंगडत का होईना, दूर जाऊ द्यावे. वर जाताच ते मनोऱ्यापासून किंचित कलून लांबही होत असे.

सोव्हिएत संघाने याची किंमत मोजली. ३ जुलै १९६९ च्या रात्री बायकोनूरहून त्यांचे चांद्ररॉकेट एन-१ उडाले. काही सेकंदांतच बिघाड झाला आणि नियंत्रण यंत्रणेने ३० पैकी २९ इंजिने बंद केली. इंधनाने भरलेले रॉकेट पॅडवर कोसळले आणि पॅड उद्ध्वस्त झाले. पुढचे एन-१ उडायला जून १९७१ उजाडला, तेही शेजारच्या पॅडवरून. नंतर त्यांनीही पहिली ५० सेकंदे इंजिने बंद होणार नाहीत अशी सोय केली. त्या अपघातानंतर १३ दिवसांनी डेबस यांच्या पॅड ३९-ए वरून अपोलो ११ चंद्राकडे निघाले होते.

मग डेबस यांचे चुकले कुठे?

२७ जानेवारी १९६७ रोजी पॅड ३४ वर अपोलो १ ची रंगीत तालीम सुरू होती. रॉकेटमध्ये इंधन नव्हते, म्हणून चाचणी धोकादायक मानलीच गेली नाही आणि बचाव पथकेही जवळ सज्ज नव्हती. शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या कुपीत ठिणगी पडली, आत उघडणारे दार वेळेत उघडले नाही आणि गस ग्रिसम, एड व्हाइट, रॉजर चॅफी हे तीन अंतराळवीर मरण पावले. पॅड जागच्या जागी होते. सगळी खबरदारी भरलेल्या रॉकेटच्या स्फोटासाठी होती. रिकाम्या रॉकेटवरच्या बंद कुपीचा विचार ना केंद्राने केला होता, ना ‘नासा’ने, ना कुपी बनवणाऱ्यांनी.

डेबस १९७४ मध्ये निवृत्त झाले आणि १० ऑक्टोबर १९८३ रोजी फ्लोरिडातच त्यांचे निधन झाले. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव आहे.

पॅड ३९-ए अजून वापरात आहे आणि २०१४ पासून ते स्पेसएक्सकडे भाड्याने आहे. ३१ मे २००८ रोजी डिस्कव्हरी शटल उडाले, तेव्हा अपोलोच्या काळातील त्या चराच्या भिंतीतून सुमारे साडेतीन हजार विटा निखळून बाहेर फेकल्या गेल्या. भिंतीवर पोलादी जाळी ठोकून त्यावर उष्णतारोधक मिश्रण फवारण्यात आले. नोव्हेंबरात पुढचे शटल तिथूनच गेले.