भंगारातून उभं राहिलेलं मातीचं शास्त्र

टर्झागी हे नाव आपल्या सिव्हिलवाल्यांना फॉर्म्युल्यापुरतं माहीत असतं, बाकीच्या ब्रँचेसना तर तेवढंही नाही. मलाही त्यांच्याबद्दल वाचायला घेतल्यावरच कळलं, की हा माणूस मुळात मेकॅनिकलचा!

कार्ल टर्झागी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग शहरात झाला. ऑस्ट्रियातल्या ग्राझमधून १९०४ साली ते इंजिनिअर झाले. साइटवर काम करताना त्यांना एक गोष्ट खटकली. लोखंडाचा, काँक्रीटचा हिशोब चोख, पण पायाखालच्या मातीचा मात्र निव्वळ अंदाज!

१९१६ मध्ये ते इस्तंबूलला शिकवायला गेले. पहिलं महायुद्ध संपलं आणि ती नोकरी गेली. मग तिथल्याच रॉबर्ट कॉलेजात ते रुजू झाले. तिथे मातीची लॅब कुठली असायला! सिगारचे रिकामे डबे आणि कॉलेजच्या भंगारातल्या वस्तू जमवून त्यांनी स्वतःच उपकरणं बनवली. चिकणमातीवर वजन ठेवायचं आणि ती किती दबते ते मोजत बसायचं. त्यातून उलगडा झाला, की ओल्या मातीवरचा काही भार कणांमधलं पाणी पेलतं. पाणी हळूहळू निघून गेलं की तो भार कणांवर येतो आणि माती दबते. म्हणूनच इमारती वर्षानुवर्षं खचत राहतात. मातीची ताकद ठरते ती कणाकणांमधल्या दाबावर. १९२५ साली त्यांचं पुस्तक व्हिएन्नात निघालं आणि मृदा यांत्रिकी हा विषय उभा राहिला. पुढे एमआयटी, हार्वर्ड इथे शिकवून २५ ऑक्टोबर १९६३ रोजी ते वारले.

हे सगळं आत्ता कशाला? कारण मऊ मातीत टाकाऊ बाटल्यांच्या पट्ट्या मिसळणं हा प्रोजेक्टचा आवडता विषय झालाय. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. तो ताण पट्ट्या घेतात, पण मातीने त्यांना घट्ट धरलं तरच. पाण्याचा दाब वाढला की कणांची पकड सुटते आणि पट्टी नुसतीच सरकते. पट्ट्या फार झाल्या तरी त्या एकमेकींवर घसरतात आणि ताकद उलट घटते. म्हणजे प्रमाण टेस्ट करूनच ठरवायला हवं. नाहीतर रस्ता खचणार तो खचणारच, वर प्लास्टिक जमिनीत कायमचं पुरलं जाणार!

तेव्हा लॅबमध्ये मशीन नाही म्हणून रीडिंग्ज ‘बनवण्याआधी’ सिगारचे ते डबे एकदा आठवा.