पारशी बाईंचा झेंडा

आम्हा नाशिककरांना झेंड्याचे अप्रूप नाही. सिंहस्थात आखाड्यांचे ध्वज चढतात, चैत्रात सप्तशृंगीच्या शिखरावर निशाण लागते. तरीही पुण्याच्या केसरीवाड्यातला जुना तिरंगी झेंडा दाखवला, तेव्हा हा कुठल्या देशाचा, असे नातीने विचारलेच. आपलाच, म्हणालो, आणि परतीच्या एस.टी.त तिला मादाम कामांची गोष्ट सांगत बसलो.

भिकाईजी कामा १८६१ साली मुंबईतल्या श्रीमंत पारशी घरात जन्मल्या. १८८५ मध्ये लग्न झाले ते रुस्तम कामा या वकिलाशी. नवरा इंग्रजी राज्यावर खूश, बायकोला ते राज्य नकोसे! संसार कसा रमावा? १८९६ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला. त्यातून वाचल्या, पण तब्येत खालावली. उपचारांसाठी युरोपात गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या.

२२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत त्यांनी हा झेंडा फडकावला. तो कुणी रचला यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आमच्या भगूरचे, त्या वेळी लंडनमध्ये शिकणारे सावरकर यांचे नाव त्यात येते. वर हिरवा पट्टा, त्यावर आठ प्रांतांची आठ कमळे. मधल्या पिवळ्या पट्ट्यावर देवनागरीत वंदे मातरम्. खाली लाल पट्ट्यावर सूर्य आणि चंद्रकोर, हिंदू-मुसलमानांच्या खुणा म्हणून.

मग पारशांची खूण कुठे, नातीने विचारले. मी चपापलो. इतकी वर्षे पाहूनही हे माझ्या ध्यानात आले नव्हते. अक्षरेही त्यांच्या घरच्या गुजरातीतली नाहीत. स्वतःसाठी एक टाकाही न राखता बाईंनी तो उंचावला.

त्याची किंमत मोजली. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सरकारने त्यांना स्थानबद्ध केले. १९३५ मध्ये पक्षाघाताने खचलेल्या असताना, राजकारणापासून दूर राहण्याची हमी दिल्यावरच इंग्रजांनी मायदेशी येऊ दिले. वय चौऱ्याहत्तर, त्या शरीराकडून सरकारला कसले भय होते कोण जाणे. १३ ऑगस्ट १९३६ रोजी मुंबईच्या पारशी रुग्णालयात त्या गेल्या.

झेंडा मात्र इंदुलाल याज्ञिकांनी गुपचूप भारतात आणला. नाशिक येईस्तोवर नातीने वहीच्या मागच्या पानावर तो काढला होता. कमळे सातच झाली होती. आठवे मी काढून दिले.