विठ्ठलदासांच्या देणगीचे व्याज

दात्याचे नाव इमारतीवर कोरले की समाज स्वतःला ऋणमुक्त समजू लागतो. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी तर स्वतःचे नावही मागितले नाही. महिला विद्यापीठाला नाव मिळाले ते त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे.

विठ्ठलदासांचा जन्म १८७३ सालचा. मुंबईच्या कापडगिरणी व्यवसायातील ते एक अग्रणी. १९०८ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. तथापि, भांडवल फिरते राहिले तरच ते समाजाच्या कामी येते, हे या गिरणीमालकाने पुरते ओळखले होते. सहकारी पतपेढ्यांना, पर्यायाने शेतकऱ्याला, भांडवल मिळावे म्हणून १९११ साली लल्लुभाई सामळदास यांच्यासमवेत त्यांनी मध्यवर्ती सहकारी बँक उभारली. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ती हीच.

महर्षी कर्वे यांनी १९१६ साली पाच विद्यार्थिनींनिशी महिला विद्यापीठाचे महाविद्यालय सुरू केले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, आणि अभ्यासक्रमात गृहशास्त्र व आरोग्य यांना मानाचे स्थान. या विद्यापीठाला सरकारमान्यता नव्हती आणि वर्गणीवर त्याचा गाडा कसाबसा चालत होता. अशा वेळी, १९२० साली, विठ्ठलदासांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्के दराने तिचे वार्षिक व्याज ५२,५०० रुपये होत होते. मुद्दल अबाधित राहावे आणि व्याजावर पिढ्या शिकाव्यात, असा हा व्यवहार होता. अवघ्या दोन वर्षांनी, १९२२ साली, विठ्ठलदास निवर्तले. त्यांच्या पत्नी प्रेमलीलाबाई यांनी ते कार्य पुढे नेले आणि विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषविले. १९५१ साली विद्यापीठाला वैधानिक दर्जा लाभला.

घर हेही अध्ययनाचे क्षेत्र आहे, हा कर्व्यांचा विचार आता शास्त्रसंमत झाला आहे. मूल पहिल्या काही वर्षांत बोलण्यातून, खेळातून आणि मायेच्या सहवासातून शिकते. घाईने हाती दिलेल्या पेन्सिलीतून नव्हे. या विद्यापीठात हे ज्ञान ‘मानव विकास’ या विषयात शिकविले जाते. परंतु पैठण रस्त्यावरील चितेगावसारख्या औद्योगिक गावात, पाळीवर जाणाऱ्या आईबापांपर्यंत ते कितपत पोहोचते? पाळीच्या वेळा सांभाळून मूल वाढविणाऱ्या कुटुंबाला आणि तेथील अंगणवाडी सेविकेला त्याची गरज सर्वांत अधिक आहे.

म्हणूनच विठ्ठलदासांचे खरे स्मरण करावयाचे, तर त्यांच्या नावे बालकांच्या वाढीवर व शिक्षणावर खुली व्याख्यानमाला व्हावी. ती मराठीत असावी, प्रश्नोत्तरांना तीत भरपूर वेळ असावा आणि मुंबईच्या सभागृहाइतकीच ती चितेगावच्या ग्रामपंचायतीच्या आवारातही भरावी. स्थानिक महाविद्यालयांनी पुढाकार घेतल्यास यास मोठा खर्च येणार नाही. दात्याने मुद्दल कधीच दिले आहे. त्याचे व्याज चितेगावच्या मुलांपर्यंत पोहोचविणे हे आजच्या विद्यापीठांचे आणि महाविद्यालयांचे कर्तव्य होय.