शेवटच्या यार्डाचा माणूस

शिकागोच्या वायव्येला अर्लिंग्टन हाइट्स नावाचं उपनगर आहे. काही वर्षांपूर्वी माझा पुतण्या तिथे राहत असे आणि मी महिनाभर त्याच्याकडे मुक्कामाला होतो. रोज सकाळी फिरायला जाण्याचा माझा जुना नेम. त्याचा मला थोडा अभिमानही होता. एके दिवशी पुतण्याने मला गाडीतून एका गोल्फ मैदानापाशी नेलं, समोरची टेकडी दाखवली आणि काकांनी आज हिच्यावर चढून दाखवावं, असं हसत हसत सुचवलं. एके काळी तिथे गावाचा कचरा टाकत. त्यावर माती घालून ही टेकडी झालेली. उंची फार नाही, पण चढ असा उभा, की अर्ध्यावरच मला गवतात बसावं लागलं.

दम खात बसलो असताना कळलं, की याच चढावर एक माणूस उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा पुन्हा धावत जायचा, धावत उतरायचा. त्याच्या हौसेखातर बरोबर आलेले धडधाकट खेळाडू मध्येच हात टेकायचे, उलट्या करायचे. तो मात्र थांबत नसे. त्याचं नाव वॉल्टर पेटन. शिकागो बेअर्स या संघाचा ३४ नंबरचा खेळाडू. आजही त्या टेकडीला लोक त्याच्याच नावाने ओळखतात.

खरं सांगायचं तर अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घातलेल्या आडदांड माणसांची धक्काबुक्की, एवढंच माझं मत होतं. त्यात कुणाची शैली असू शकते, हे मला पटलं नसतं. पण त्या महिन्यात पुतण्याने मला पेटनचे जुने सामने दाखवले आणि माझं मत बदललं.

आधी खेळ थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. ते जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू बहुतेक वेळा दुसऱ्या संघाकडे जातो. चेंडू हवेतून फेकता येतो किंवा हातात धरून पळता येतं. पळण्याचं काम ज्याचं, तो रनिंग बॅक. त्याच्यापुढे स्वतःच्या संघातले दांडगे गडी वाट मोकळी करायला धडपडतात आणि समोरचे अकरा जण त्याला जमिनीवर पाडायला टपलेले असतात. वाट उघडते ती क्षणभरच. त्या क्षणात काय करायचं, यात प्रत्येकाची रीत वेगळी, आणि ती रीत म्हणजेच त्याची शैली.

क्लीव्हलँडचा जिम ब्राउन हा ताकदीचा बादशहा होता. त्याला पाडायला तीन-तीन माणसं लागत. पेटनच्या आधी शिकागोकडून खेळलेला गेल सेयर्स पाण्यासारखा वाहायचा. अंगाला हात लागायच्या आत तो दिशा बदललेला असे. पण गुडघ्यांनी दगा दिला आणि अवघ्या ६८ सामन्यांत त्याची कारकीर्द संपली. पेटनकडे ब्राउनचा देह नव्हता आणि सेयर्सचा वाराही नव्हता. उंची पाच फूट दहा इंच, वजन नव्वद किलोंच्या आसपास. या खेळाच्या मानाने मध्यम चणीचाच म्हणायचा. मग त्याच्याकडे होतं काय?

त्याचं उत्तर त्याच्या बालपणात सापडतं. मिसिसिपी राज्यातल्या कोलंबिया या लहान गावात तो वाढला. तो काळ गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळांचा. थोरला भाऊ एडी शाळेचा फुटबॉलपटू होता. भावाशी स्पर्धा नको म्हणून धाकटा वॉल्टर मैदानापासून दूर राहिला आणि शाळेच्या बँडमध्ये ढोल वाजवू लागला. एडी शाळा सोडून गेल्यावर प्रशिक्षकाने त्याला बोलावलं, तेव्हा बँड सोडणार नाही या अटीवर तो आला. १९७० साली काळ्या मुलांची शाळा गोऱ्यांच्या शाळेत विलीन झाली. गावात ताण होता. पण नव्या एकत्र संघात हा मुलगा पळू लागला, तेव्हा स्टँडमधले दोन्ही रंगांचे लोक एकाच माणसासाठी टाळ्या वाजवू लागले.

दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांनी मात्र त्याला विचारलं नाही. तो कृष्णवर्णीयांच्या जॅक्सन स्टेट विद्यापीठात गेला. तिथले प्रशिक्षक बॉब हिल हे कडक शिस्तीचे. त्यांची शिकवण साधी होती. पाडणारा तुला पाडणार हे ठरलेलंच आहे, पण ते त्याला सोपं जाता कामा नये. जो मारायला येतो, त्यालाही मार बसला पाहिजे. पेटनने हे जन्मभराचं व्रत केलं. गंमत अशी, की याच मुलाला नाचाची हौस होती आणि सोल ट्रेन या टेलिव्हिजनवरच्या नाचाच्या कार्यक्रमातही तो झळकला होता. लोक त्याला स्वीटनेस म्हणत. म्हणजे गोडवा. तो गोडवा आणि ती जिद्द मिळून त्याचं पळणं झालं होतं.

ते पळणं नीट पाहिलं तर एकेक गोष्ट उलगडते. तो चवड्यांवर पळायचा. मोकळ्या जागेत गुडघा फारसा न वाकवता, कमरेपासून पाय ताठ झोकत जायचा. पाहणाऱ्याला ती ऐट वाटे. पण त्यामुळे पायाला मिठी मारणं अवघड व्हायचं. समोर कुणी आलाच तर आधी पावलं अडखळल्यासारखी टाकून हुलकावणी. ती फसली तर मोकळा हात सरळ त्याच्या छातीवर. तोही चुकला तर, धक्का बसण्याच्या आत, स्वतःच खांदा खाली घालून त्याच्यावर आदळणं.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तो सीमारेषेबाहेर जात नसे. कडेला सापडलेला खेळाडू रेषेबाहेर पाऊल टाकतो आणि मार चुकवतो. त्यात गैर काहीच नाही, शहाणपणाच आहे. पेटन मात्र तिथून आत वळायचा आणि आणखी एक यार्ड घ्यायचा. पडल्यावरसुद्धा चेंडू धरलेला हात पुढे सरकवून ठेवायचा. कबड्डीत चार जणांच्या पकडीत सापडलेला गडी मध्यरेषेकडे बोटं लांबवतो ना, अगदी तसा. शेवटचा यार्ड त्याने कधी फुकट दिला नाही.

यामागे आणखी एक कारण होतं. १९७५ साली तो शिकागोत आला तेव्हा तो संघ दुबळा होता. पहिल्याच सामन्यात त्याने आठ वेळा चेंडू घेतला आणि एकूण कमाई शून्य यार्ड. त्या मोसमात संघाने १४ पैकी १० सामने गमावले. पुढचे गडी वाट उघडून देतील याची खात्रीच नव्हती. जी वाट नाही ती त्याला स्वतः काढावी लागली आणि त्यातून त्याची रीत पक्की झाली. २० नोव्हेंबर १९७७ रोजी मिनेसोटाविरुद्ध तो अंगात ताप असताना उतरला आणि ४० धावांत २७५ यार्ड मिळवले. एका सामन्यातला हा विक्रम २००० सालापर्यंत टिकला. ७ ऑक्टोबर १९८४ रोजी त्याने जिम ब्राउनचा १२,३१२ यार्डांचा विक्रम मागे टाकला.

१३ मोसमांत त्याचा फक्त एक सामना चुकला, तोही पहिल्या वर्षी. १९८७च्या मोसमानंतर निवृत्त झाला तेव्हा नावावर १६,७२६ यार्ड होते. किलोमीटरमध्ये हिशेब केला तर जेमतेम पंधरा. आपल्यापैकी कुणीही सकाळी चालून येईल एवढंच अंतर. पण ते त्याने ३,८३८ वेळा चेंडू घेऊन, दर खेपेला सरासरी चार मीटर, असं कापलं होतं. आणि बहुतेक खेपांचा शेवट कुणीतरी अंगावर कोसळण्यात झाला होता.

टचडाउन केल्यावर तो चेंडू वाट काढून देणाऱ्या सहकाऱ्याच्या हातात द्यायचा. दुसऱ्याची पाळी असेल तेव्हा त्याच्यासाठी स्वतः धक्के खायचा. जानेवारी १९८६ मध्ये शिकागोने सुपर बोल ४६-१० असा जिंकला, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांचं सगळं लक्ष पेटनवर होतं, म्हणून इतरांना मोकळीक मिळाली. त्याला मात्र एकही टचडाउन करायला मिळाला नाही. हे त्याला लागलं. प्रशिक्षक माइक डिटका यांनाही पुढे या गोष्टीची खंत वाटत राहिली.

इथे थांबलो असतो तर हा लेख निव्वळ कौतुकाचा झाला असता. पण त्या टेकडीवर बसून माझ्या मनात आलेला प्रश्न वेगळाच होता. इतकं सोसावं का? जेफ पर्लमन यांनी २०११ साली लिहिलेल्या चरित्रात निवृत्तीनंतरचं नैराश्य, एकटेपण आणि वेदनाशामक गोळ्या यांविषयी लिहिलं आहे. त्यावर बराच वाद झाला. पण या खेळातल्या डोक्यावरच्या आघातांबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे, ते पाहता घरातल्या मुलाला मार चुकवू नकोस असं सांगायला माझी जीभ रेटणार नाही. रेषेबाहेर पाऊल टाकणं हा भित्रेपणा नव्हे, हे मी त्याला आधी सांगेन.

१९९३ साली पेटनचा हॉल ऑफ फेममध्ये गौरव झाला. तिथे त्याची ओळख करून द्यायला उभा राहिला त्याचा बारा वर्षांचा मुलगा जॅरेट. त्याआधी कुठल्याही मुलाने आपल्या बापासाठी हे काम केलं नव्हतं. त्यानंतर सहाच वर्षांनी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, हाच मुलगा शेजारी असताना पेटनने पत्रकारांना सांगितलं, की आपल्याला यकृताचा एक दुर्मीळ आजार झाला आहे आणि प्रत्यारोपणाची गरज आहे. देह खूप वाळला होता. बोलता बोलता त्याला रडू कोसळलं. आयुष्यभर कुणापुढे न वाकलेल्या माणसाने भीती वाटते हे सर्वांसमोर कबूल केलं. मला त्याच्या साऱ्या धावांपेक्षा हे धाडस मोठं वाटतं.

पुढे पित्तनलिकेचा कर्करोग निघाला आणि प्रत्यारोपणाची आशाही संपली. उरलेले महिने त्याने लोकांनी अवयवदान करावं यासाठी खर्ची घातले. स्वतःला त्याचा उपयोग नाही हे कळल्यावरसुद्धा. १ नोव्हेंबर १९९९ रोजी तो गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. त्याचा यार्डांचा विक्रम २००२ साली एमिट स्मिथने मोडला. समाजासाठी झटणाऱ्या खेळाडूला लीग दरवर्षी जो पुरस्कार देते, त्याला मात्र १९९९ पासून पेटनचं नाव आहे.

शैली ही वरून चढवलेली कलाकुसर असते, असं मला पूर्वी वाटे. आता वाटतं, आपल्याला जे मिळालं नाही त्याची भरपाई माणूस ज्या रीतीने करतो, ती त्याची शैली. पेटनची वाट कुणी उघडून दिली नव्हती. त्याने ती काढली, आणि शेवटी स्वतःसाठी वाटच उरली नाही तेव्हा दुसऱ्यांसाठी काढायला लागला.

परतण्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्या टेकडीवर गेलो, या वेळी एकटा. दोनदा बसलो, पण माथा गाठला. वर विशेष काही नव्हतं. खाली हिरवं मैदान होतं आणि अंगावर गार वारा येत होता. उतरताना मात्र मी सावकाश, कडेकडेने, सांभाळून उतरलो.